थीम क्रूझची बॅग: आधी पोशाख ठरवा, मग कपडे

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सात रात्रींची थीम क्रूझ आहे, तुम्ही दोघं आणि नऊ वर्षांची मुलगी एकाच केबिनमध्ये राहणार आहात. आयोजकांनी चार संध्याकाळींच्या थीम कळवल्या आहेत: पहिल्या रात्री सगळं पांढरं, तिसऱ्या रात्री ऐंशीचं दशक, पाचव्या रात्री समुद्री चाचे आणि शेवटच्या रात्री अंतराळ. बंदराच्या शहरापर्यंत विमानाने जायचंय, माणशी २३ किलोची एक बॅग आणि हातात एक लहान बॅग मिळणार. तिघांचे चार-चार पोशाख पलंगावर मांडून पाहिलेत तर दोन मोठ्या बॅगा त्यातच संपल्या, आणि रोजचे कपडे अजून कपाटातच आहेत. यातलं काय कमी करायचं, असं तुम्ही विचारताय.

मी पर्यटकांचे गट घेऊन क्रूझवर जाते आणि त्यातल्या बऱ्याच सफरी थीमच्या असतात. पलंगावरचा हा ढीग मला ओळखीचा आहे. माझ्या मते तुमची खरी अडचण कपड्यांच्या संख्येची नाही. साधे कपडे कुठेही अडत नाहीत. थीमचं सामान मात्र आधी विमान कंपनीच्या नियमांत अडतं, मग जहाजाच्या सुरक्षा तपासणीत, मग मधल्या बंदरांच्या कायद्यात, आणि या सगळ्यातून सुटलं तर छोट्याशा केबिनमध्ये. म्हणून मी नेहमी उलट्या बाजूने सुरुवात करायला सांगते. आधी चार रात्रींचे पोशाख पक्के करा, ते या सगळ्या ठिकाणी चालतील याची खात्री करा आणि उरलेल्या जागेत रोजचे कपडे बसवा. रोजच्या कपड्यांना जागा कमी पडली तर निभावतं, कारण ते धुता येतात.

काही गोष्टी तुमच्या सफरीवर अवलंबून आहेत, त्या आधी तपासा. पूर्ण जहाज थीमसाठी घेतलंय की नेहमीच्या सफरीत तुमचा फक्त एक गट आहे? पूर्ण जहाज असेल तर जवळपास सगळेच नटतात आणि नेहमीची औपचारिक पोशाखाची रात्र बहुधा थीमच्या रात्रीत विरून जाते. गट असेल तर ती औपचारिक रात्र तशीच राहते आणि त्यासाठी एक बरा जोड लागतो. थीमचा स्वभावही पाहा. २०११ पासून निघणाऱ्या ‘सेव्हंटी थाउजंड टन्स ऑफ मेटल’ या मेटल संगीताच्या क्रूझवर काळे टी-शर्ट हाच जवळजवळ गणवेश असतो, तिथे बॅग अगदी हलकी होते. २००४ साली सुरू झालेल्या ‘जॅम क्रूझ’वर लोक रात्रीच्या थीमची तयारी फार आधीपासून करतात. तुमची सफर या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसते ते आयोजकांनी पाठवलेली गेल्या वर्षीची छायाचित्रं पाहून चटकन कळेल. आणि निषिद्ध वस्तूंची यादी प्रत्येक जहाज कंपनीची वेगळी असते. मी खाली जे सांगते ते बहुतेक ठिकाणी लागू पडतं, पण तुमच्या कंपनीची यादी वाचल्याशिवाय बॅगेची चेन लावू नका.

आता पोशाखांकडे येऊ. माझा नियम असा, की माणशी एकच पोशाख पूर्ण असावा, बाकीच्या रात्री साध्या कपड्यांवर चढवलेल्या एक-दोन ठळक गोष्टींवर काढायच्या. कोणता पूर्ण ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मुलीला नक्की विचारा. मुलांच्या मनात एखादीच रात्र भरलेली असते, उरलेल्या रात्री डोक्याला रुमाल बांधला तरी त्यांना पुरतो.

तुमच्या चार थीम या पद्धतीला फार सोयीच्या आहेत. पांढरा सैलसर शर्ट आणि पांढरी पँट हा पाया धरा. पहिल्या रात्री तेच घालायचं. पाचव्या रात्री त्याच शर्टावर काळं जाकीट, कमरेला लाल पट्टा आणि डोक्याला रुमाल आला की चाचा तयार. शेवटच्या रात्री त्याच पांढऱ्यावर चंदेरी पट्टा, छातीवर शिवलेलं एखादं मोहिमेचं चिन्ह आणि चंदेरी मनगटपट्ट्या. ऐंशीच्या दशकासाठी भडक रंगाचं, रुंद खांद्यांचं एक जॅकेट घ्या. जहाजावर जेवणाच्या दालनात आणि नाट्यगृहात एसी चांगलाच गार असतो, त्यामुळे तेच जॅकेट उरलेल्या संध्याकाळीही अंगावर राहील. वेगळं गरम काही न्यायची गरज उरणार नाही. लाल पट्ट्याचं कापड मात्र घरी दोन-तीनदा धुऊन रंग उतरतोय का ते पाहा. घामाने ओला झालेला कोरा लाल पट्टा पांढऱ्या शर्टाच्या कमरेवर गुलाबी पट्टी सोडतो. ती धुतल्याने जात नाही, आणि त्याच शर्टावर तुमची अंतराळाची रात्रही अवलंबून आहे.

पोशाख ठरले की घरी एकदा दोन तास अंगावर ठेवा. आरशासमोर उभं राहून काहीच कळत नाही. खुर्चीत बसा, जेवा, दोन मजले चढा-उतरा, स्वच्छतागृहात जाऊन या. थीमच्या रात्री लिफ्टसमोर इतकी गर्दी असते की जिन्याने जावंच लागतं, तेही हलक्या डुलणाऱ्या जहाजावर. उंच टाचेचे किंवा जाड तळव्याचे बूट तिथे धोक्याचे ठरतात, ओल्या डेकवर तर जास्तच. तळवा रबरी हवा.

खिशाचाही विचार करा. जहाजावर एकच कार्ड किल्ली म्हणून चालतं, त्यावरच खर्च नोंदला जातो आणि जहाजावरून उतरता-चढताना ओळखही त्यावरच पटते. कॉस्च्युमला खिसे क्वचितच असतात. चाच्याच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला एक लहानसा खिसा शिवा, बाकी रात्रींसाठी गळ्यात अडकवायची पट्टी घ्या. चेहरा पूर्ण झाकणारा मुखवटा असेल तर कर्मचारी तो काढायला सांगतात, त्यामुळे तो सहज निघणारा हवा.

वाऱ्याचा विचार लोक करत नाहीत. जहाज २० नॉट वेगाने चाललं असेल तर ताशी सुमारे ३७ किलोमीटरचा वारा ते स्वतःच निर्माण करतं. हवा शांत असली तरी उघड्या डेकवर तो लागतोच, आणि समोरून वारा असेल तर दोन्हींची बेरीज होते. थीमचे मोठे कार्यक्रम बहुधा पोहण्याच्या तलावाजवळच्या उघड्या डेकवर असतात. विग घालणार असाल तर आत जाळीची टोपी घाला आणि विग पिनांनी स्वतःच्या केसांत अडकवा, नुसत्या चिकटपट्टीवर विसंबू नका. अंगरखा किंवा केप गळ्याभोवती न बांधता दोन्ही खांद्यांना शिवलेल्या बटणांवर लावा, म्हणजे वाऱ्याने ओढली तरी गळा आवळणार नाही. मुलीच्या बाबतीत यात अजिबात तडजोड करू नका. टोपीला हनुवटीखालून इलॅस्टिक हवं. पंख, कागदी मुकुट, पुठ्ठ्याची मोठी शिरस्त्राणं घरीच ठेवा.

आता तपासणी. बंदरावर तुमच्या प्रत्येक बॅगेचा एक्स-रे होतो. तलवार, खंजीर, पिस्तूल खेळण्यातलं असलं तरी बहुतेक कंपन्या नाकारतात किंवा काढून घेऊन सफर संपल्यावर परत देतात. खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल तर विमानतळावरच अडकेल. काही आयोजक मऊ फोमच्या वस्तूंना परवानगी देतात, पण ती लेखी मागून घ्या आणि फोनमध्ये जपून ठेवा. खरं सांगायचं तर तलवारीशिवाय चाचा अडत नाही. पुठ्ठ्याची दुर्बीण, चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर केलेला गुंडाळीचा नकाशा, खांद्यावर दोन टिचबटणांनी बसवलेला कापडी पोपट, यांना कुणी हरकत घेत नाही आणि छायाचित्रात त्या जास्त चांगल्या दिसतात.

सफर कॅरिबियनमध्ये असेल तर लष्करी गणवेशासारख्या हिरव्या-तपकिरी ठिगळांच्या छापाचं (कॅमोफ्लाज) कापड कुणाच्याही बॅगेत नको, मुलीच्या टोपीतही नाही. बार्बाडोस, जमैका, त्रिनिदाद अँड टोबॅगो, सेंट लुसिया अशा अनेक देशांत नागरिकांनी ते घालणं हा गुन्हा आहे. जहाजावर कुणी काही बोलणार नाही, पण तीच पँट घालून बंदरावर उतरलात तर पंचाईत होईल.

आगीची भीती जहाजावर सर्वांत मोठी असते, त्यामुळे तापणाऱ्या वस्तूंबाबत नियम कडक आहेत. इस्त्री, वाफेची इस्त्री, किटली, मेणबत्त्या, उदबत्त्या यातलं काहीच चालत नाही. कॉस्च्युम दुरुस्तीसाठी लोक गरम गोंदाची बंदूक आणतात, तीही याच वर्गात जाते. तिच्याऐवजी सुई-दोरा, पुष्कळ सेफ्टी पिना, दुहेरी चिकटपट्टी आणि लहान बोथट टोकाची कात्री घ्या. केसांचा ड्रायर केबिनमध्ये बहुधा असतो. इस्त्री करायला मिळणार नाही हे धरूनच कापड निवडा. होजिअरी, पॉलिएस्टर किंवा मुळातच चुरगळल्यासारखं दिसणारं कापड बरं. चाच्याचा शर्ट चुरगळलेलाच शोभतो, पण पांढऱ्या रात्री तोच शर्ट नीट दिसायला हवा, म्हणून कडक सुती कापड टाळा.

एक्स्टेंशन बोर्डाबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण तिघांचे फोन, कॅमेरा आणि पोशाखाचे दिवे चार्ज करायला तो प्रत्येकाला न्यावासा वाटतो. बऱ्याच जहाजांवर वीजपुरवठ्याची रचना घरापेक्षा वेगळी असते, जहाजाच्या सांगाड्याच्या तुलनेत दोन्ही तारांमध्ये दाब असतो. घरात विजेच्या अचानक वाढलेल्या दाबापासून संरक्षण देणारा सर्ज प्रोटेक्टर अशा जोडणीत बिघाड झाला तर तापून पेट घेऊ शकतो. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने २०१३ मध्ये याबद्दल सुरक्षा सूचना काढली होती. म्हणून सर्ज प्रोटेक्टर चालत नाही आणि अनेक कंपन्या कुठलाच एक्स्टेंशन बोर्ड चालू देत नाहीत. अनेक यूएसबी खाचांचा एक साधा चार्जर घ्या, तुमचं काम भागेल.

अंतराळाच्या पोशाखाला दिवे लावणार असाल तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा, विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात त्यांना परवानगी नाही. १०० वॉट-तासांपर्यंतची पॉवर बँक सहसा बिनदिक्कत नेता येते, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. हेअर स्प्रेसारख्या प्रसाधनाच्या डब्यांना विमानात प्रत्येकी अर्धा लिटर आणि माणशी एकूण दोन लिटरची मर्यादा आहे. चंदेरी रंगाचा स्प्रे पेंट मात्र प्रसाधन नव्हे, तो ज्वलनशील माल धरला जातो आणि कुठल्याच बॅगेत चालत नाही. जे रंगवायचं ते घरी रंगवून, पूर्ण वाळवून आणा. दाढी-मिशा चिकटवायचा स्पिरिट गमही ज्वलनशील असतो, त्याऐवजी त्वचेला चालणारी दुहेरी पट्टी वापरा. चमकी नेऊ नका, अशी माझी कळकळीची विनंती. ती गालिच्यातून निघत नाही, एसीच्या वाऱ्याने केबिनभर होते आणि ती साफ करणाऱ्या माणसाच्या वाट्याला अशा अनेक केबिन असतात.

केबिनबद्दल. आतल्या बाजूची साधी केबिन साधारण १४ ते १७ चौरस मीटरची असते, त्यातच स्नानगृह. तिघांत एकच मोठा आरसा. रिकाम्या बॅगा पलंगाखाली जातात, पण दोन्ही बाजूंनी उघडणारी कडक बॅग उघडून ठेवायला जमीन लागते आणि ती नसते. एका बाजूने उघडणारी मऊ बॅग सोयीची. भिंती बहुधा पोलादी असतात, त्यामुळे चुंबकाचे हुक फार उपयोगी पडतात. पाच-सहा घ्या, प्रवासात एकमेकांना चिकटवून एका डबीत ठेवा. टोप्या, विग, ओले पोहण्याचे कपडे, मुलीची पिशवी असं सगळं भिंतीवर गेलं की चालायला जागा राहते.

सामान माणसाप्रमाणे न लावता रात्रीप्रमाणे लावा, ही माझी सर्वांत आवडती युक्ती आहे. प्रत्येक थीमसाठी एक झिपची पिशवी करायची आणि त्यात तिघांचंही त्या रात्रीचं सगळं ठेवायचं: पट्टे, रुमाल, कानातले, मोजे, लागणाऱ्या पिना, चेहऱ्याचा रंग. वरून नाव लिहा. बंदरावरून दमून पाच वाजता परत आलात आणि साडेसहाला जेवण असलं की तिघांना एकाच अर्ध्या तासात तयार व्हायचं असतं. त्या वेळी तीन बॅगा उचकण्यापेक्षा एक पिशवी पलंगावर उपडी केली की झालं. या पिशव्या मोठ्या बॅगांमध्ये वेगवेगळ्या घाला. एखादी बॅग विमानाने मागे ठेवली तरी एकच रात्र बुडेल.

हवा काढून चपट्या करायच्या पिशव्यांनी जागा वाचते, वजन तसूभरही कमी होत नाही. पंप लागणाऱ्या पिशव्या घेऊ नका, परतताना जहाजावर पंप मिळणार नाही. हाताने गुंडाळून हवा काढायच्या चालतील. घरच्या काट्यावर प्रत्येक बॅग २० किलोच्या आत ठेवा. वजन खरं तर बुटांनी वाढतं, म्हणून माणशी तीन जोड पुरे: चालण्याचे, पाण्यातले आणि संध्याकाळचे.

रोजचे कपडे यानंतर अवघड जात नाहीत. जहाजावर स्वतः कपडे धुण्याची सोय आहे का ते विचारा. काही जहाजांवर नाण्यांची किंवा कार्डाची यंत्रं असतात, काहींवर फक्त पैसे देऊन धुऊन घेता येतं. कशीही असो, चौथ्या दिवशी एकदा धुणं धरलं तर चार दिवसांचे कपडे सात रात्रींना पुरतात, आणि पांढरा शर्टही त्याच धुण्यात चाच्यांच्या रात्रीआधी स्वच्छ होतो. पोहण्याचे कपडे मात्र प्रत्येकी दोन जोड घ्या, स्नानगृहात ते सकाळपर्यंत वाळत नाहीत. बंदरावर उतरायला एक घडीची पाठपिशवी घ्या. सनस्क्रीनचे घटक तपासा. हवाईमध्ये ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनची विक्री २०२१ पासून बंद आहे, पलाऊमध्ये असे घटक २०२० पासूनच निषिद्ध आहेत. झिंक ऑक्साइडचं घेतलंत तर सहसा प्रश्न येत नाही.

बोट लागण्याची औषधं आधीच डॉक्टरांकडून लिहून घ्या. कानामागे लावायचा स्कोपोलामाइनचा पॅच किमान चार तास आधी लावावा लागतो आणि तीन दिवस चालतो. तो मोठ्यांसाठी आहे, आणि लावल्यावर हात धुवायचे, नाहीतर डोळ्याला बोट लागून दिसणं धूसर होतं. मुलीला काय आणि किती द्यायचं हे डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

आता तुमच्या यादीतली जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटली, ती म्हणजे थीमचा क्रम. बंदरावर मोठ्या बॅगा टॅग लावून कामगारांच्या ताब्यात द्यायच्या असतात. त्या केबिनच्या दारात संध्याकाळपर्यंत येतात, कधी जहाज निघून गेल्यावर. तुमची पांढरी संध्याकाळ नेमकी त्याच दिवशी आहे. म्हणून तिघांचे पांढरे कपडे हातातल्या बॅगांत जायला हवेत, पासपोर्ट, औषधं, चार्जर आणि मुलीच्या पोहण्याच्या कपड्यांसोबत. केबिन दुपारपर्यंत मिळत नाही, पण तलाव उघडा असतो आणि तिला थांबवणं कठीण जाईल.

दुसऱ्या टोकाला तीच अडचण उलटी येते. शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा साधारण दहा ते बाराच्या दरम्यान दाराबाहेर ठेवाव्या लागतात, आणि तुमची अंतराळाची मेजवानी त्याच वेळी रंगात असेल. म्हणजे तो पोशाख हातातल्या बॅगेतूनच परत येणार. त्यामुळे कुणाला पूर्ण पोशाख करायचाच असेल तर ऐंशीच्या किंवा चाच्यांच्या रात्रीचा करा. अंतराळाचा घडी होणाराच ठेवा: चिन्ह, चंदेरी पट्टे, फार तर एक हलकी टोपी. मुलीने नेमकं अंतराळच मागितलं तर एक मार्ग आहे. बऱ्याच जहाजांवर स्वतःचं सगळं सामान स्वतः ओढत सकाळी लवकर उतरता येतं. तसं केलं तर बॅगा रात्री बाहेर ठेवाव्या लागत नाहीत. तीन बॅगा आणि एक मूल घेऊन ते जमेल का, याचा अंदाज तुम्हालाच बांधावा लागेल. दाराबाहेर बॅगा ठेवणार असाल तर मेजवानीला जाण्यापूर्वीच दुसऱ्या दिवशीचे कपडे, आतले कपडे आणि बूट तिघांचेही मोजून बाजूला काढा, मग चेन लावा.